आवाज हुडकायला गेलो ती गल्ली

मला बायकोचा आवाज आठवत नाही.

चेहरा आठवतो. हात आठवतात, पेरं सुजलेली बोटंसुद्धा. पदर खोचताना तिचा डावा खांदा वर जायचा, तो आठवतो. आवाज तेवढा नाही. डोळे मिटून बसलो की तिचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही.

ती जाऊन वर्ष होऊन गेलं. पण आवाज त्याच्या कितीतरी आधी गेला. पोरवयापासून मिश्री लावायची. मी ओरडायचो, ती काळे दात दाखवून हसायची. मग घशात गाठ आली. मिरजेला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. पुढची सगळी वर्षं ती भुवयांनी आणि हातांनी बोलली. मोबाईल घरात आले ते त्यानंतर. लोक मला सांगतात, मोबाईलवर बघा की त्यांना. बघतो. त्यात ती आहे, तुळशीला पाणी घालते, नातीच्या गालाला हात लावते. सगळं मुकं.

मग आवाज होता कुठं? कॅसेटमध्ये होता. मी कतारला, दोह्यात होतो तेव्हाची गोष्ट. गोड्या पाण्याचा टँकर चालवायचो. शहराच्या मध्यावर जुनी घरं होती, अंगणाभोवती खोल्या असलेली. घरमालक कतारी लोक केव्हाच बाहेर मोठ्या व्हिल्यांत गेलेले आणि खोल्यांत आम्ही भरलेलो. मला लिहिता यायचं जेमतेम, तिला तेवढंही नाही. म्हणून आम्ही कॅसेटवर बोलायचो. कुणी सुट्टीवर गावी निघाला की त्याच्या हाती द्यायची. तो परत येताना तिची घेऊन यायचा.

आमच्या खोलीत एक रीत होती. बायकोची कॅसेट ठेवायची नाही. एका खोलीत इतकी माणसं, कुणी चुकून लावली तर? आपल्या घरच्या बाईचा आवाज दुसऱ्याच्या कानात जायचा, हे आम्हाला चालायचं नाही. म्हणून कॅसेट आली की पोटभर ऐकायची, आणि तिच्यावरच आपलं बोलणं भरून परत पाठवायची. तीही तेच करायची. माझ्या बोलण्यावर तिचं बोलणं, तिच्यावर परत माझं. असं करत शेवटी काहीच राहिलं नाही. कुणाची चूक नाही त्यात. तेव्हा तेच शहाणपणाचं वाटायचं.

खोलीत ऐकायची सोय नव्हती, मग मी गल्लीत ऐकायचो. शुक्रवारी सुट्टी. वॉकमन खिशात, वायर कानात. गल्लीच्या तोंडापासून चालू करायचो. ती सुरुवात करायची, "ऐकताय न्हवं?" आणि थांबायची. माणूस समोर बसलाय असं समजून ती उत्तरासाठी थांबायची. मीही उत्तर द्यायचो. "ऐकतोय, बोल." मग ती म्हशीचं सांगायची, सासूचं सांगायची, परत विचारायची, "जेवलासा का?" आणि परत थांबायची. मी चालता चालता सांगायचो, काय जेवलो, कसं जेवलो. कोपऱ्यावर एक इराणी रोटीवाला होता. तो भट्टीतून डोकं वर काढून ओरडायचा, "ए मजनून! आज बीवीसे झगडा है क्या?" मजनून म्हणजे त्यांच्यात वेडा.

गावी परत गेल्यावर आम्ही एका छपराखाली राहिलो. तेव्हा तिचा आवाज घरात भांड्याकुंड्यासारखा पडलेला असायचा. कोण लक्ष देतं? कान देऊन ऐकला तो गल्लीतच. म्हणून मला वाटत होतं, आवाज असेल तर तिथंच असेल. एकदा जाऊन त्या गल्लीतून चाललो तर परत कानात येईल.

वर्षश्राद्ध झालं आणि मुलीनं मला दोह्याला आणलं. ती वेस्ट बे भागातल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत आहे, राहते गावाबाहेर अल दुहैलला. कंपाउंडमधली सगळी घरं एका साच्यातली. दोनदा मी शेजारच्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. पहिल्या दिवसापासून मी मुलीच्या मागं लागलो, मला जुन्या गल्लीत ने.

"अप्पा, तिथं आता तुमचं काहीच नाही."

"गल्ली कुठं जाईल?"

"पाडली. सगळा भाग पाडला आणि नवीन बांधला. हेरिटेज केलंय."

"हेरिटेज म्हणजे?"

"म्हणजे जुनं जपून ठेवलेलं."

"पाडलं म्हणतेस आणि जपलं म्हणतेस. दोन्हीतलं एक काहीतरी सांग."

ती हसली. मग म्हणाली, ऑफिसात एक बाई आहे, फ्रान्सची, ब्रिटनी नावाच्या भागातली. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी सकाळी ती लोकांना घेऊन जुन्या दोह्यातून चालते. हेरिटेज वॉक म्हणतात. तिच्याबरोबर जाऊ.

"रस्त्यावरनं चालायला बाई लागते व्हय पुढं?" मी म्हटलं. पण गेलो.

त्या सकाळी धुकं होतं. वाळवंटात धुकं पडतं हे आमच्या गावात कुणाला पटत नाही. पडतं. समुद्रावरून येतं आणि शहर निम्मं पुसून टाकतं. गाडी सिग्नलला उभी होती, दिवा लाल आहे की हिरवा एवढंच काय ते दिसत होतं. मुलीला मी खरं कारण सांगितलं नव्हतं. तिथं सांगितलं.

"तुझ्या आईचा आवाज हुडकायला चाललोय."

ती समोर बघत राहिली. दिवा हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यानं हॉर्न मारला.

"तुला येतो का आठवायला?" मी विचारलं.

"बोलणं आठवतं," ती म्हणाली. "ती काय काय बोलायची ते सगळं. आवाज नाही आठवत, अप्पा. मी पण ट्राय केलंय."



सूक वाकिफ म्हणजे तिथला जुना बाजार, त्याच्या तोंडाशी माणसं जमली होती. गोरी चारदोन, एक फिलिपिनो नवराबायको, गळ्यात मोठा कॅमेरा घातलेला एक लांब मानेचा माणूस. ती फ्रान्सची बाई उंच, केस पांढरे, पायात कापडी बूट. माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला आणि हिंदीत म्हणाली, "नमस्ते, आप यहां रहते थे?" मुलीनं सांगितलं असणार.

"रहते थे," मी म्हटलं. "अब कुत्ता भी नहीं पहचानता."

बाई हसली. चालायला लागली, आम्ही मागं.

बाजार मातीच्या रंगाचा. भिंतींना माती लिंपल्यासारखा गिलावा, वर लाकडाची टोकं बाहेर आलेली. मसाल्याची पोती उघडी, सुक्या लिंबाचा वास. पक्ष्यांच्या दुकानातले पोपट आत्ताच उठलेले. हमाल म्हातारे, अंगात लाल जॅकेट, हातगाडीवर बसून चहा पीत होते. धुक्यात सगळं मऊ दिसत होतं, झोपेत बघितल्यासारखं. बाई थांबून सांगायची, मुलगी मला मराठीत सांगायची. हा कोपरा असा होता, ही भिंत अशी होती, पाडून परत जुन्यासारखीच बांधली.

मी भिंतीवर हात फिरवला. "नवी आहे."

"हो अप्पा, तेच सांगतायत त्या."

"मग फोटो कसले काढतायत?"

"शू!"

रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. तिथं माझी गल्ली असायला हवी होती. तिथं पांढऱ्या दगडाच्या इमारती होत्या, सरळ, स्वच्छ, मधून सावलीचे बोळ काढलेले. रुळावरून एक ट्राम आली आणि गेली. चाकांचा आवाज नाही, घंटा नाही. आत माणूसही दिसला नाही. धुक्यातून आली आणि धुक्यात गेली. मला वाटलं मीच मेलोय आणि हे वरचं गाव आहे.

बाईनं पिशवीतून टॅब काढला. त्यावर जुन्या भागाचा विमानातून काढलेला फोटो होता. "तुमचं घर दाखवा," म्हणाली. मी बघितलं. नुसते चौकोन. छपरं, अंगणं, मधून काळ्या रेघा. मी त्या गल्लीत इतकी वर्षं काढली, पण वरून कधी बघितली नव्हती. मी काय घार होतो?

"असं नाही सापडणार," मी मुलीला म्हटलं. "पायानं शोधतो."

आणि पुढं झालो. मुलगी मागून आली, थोडं अंतर ठेवून. समजूतदार आहे.

धुक्याचं बरं असतं, समोरचं नवं दिसत नाही. मी डोळे अर्धे मिटले. काचेचं दुकान होतं तिथं लाँड्री लागली, अरबांचे पांढरे झगे दोरीवर, खालून वाफ. पुढं केरळवाल्याचा चहा. पुढं शिंपी, दारातच मशीन टाकून बसलेला, तोंडात सुई. डावीकडं बोळ इतका अरुंद की माझा टँकर आत जायचा नाही. मी तोंडाशी लावायचो आणि पाइप ओढत आत न्यायचो, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं की खाली अंगणात बायका बादल्या घेऊन यायच्या. सगळं आलं. इराण्याच्या भट्टीची ऊबसुद्धा गालाला लागली, खरं सांगतो. मी वळलो तिथं खरंच एक वळण होतं.

आणि तीही आली. गल्लीत ती कधी पाऊल ठेवून गेली नाही, पण मी तिला तिथंच जास्त बघितलंय. माझ्या उजव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं, गावच्या नऊवारीत. डोक्यावर पदर. ओठ हलत होते. ती काहीतरी विचारत होती.

"व्हय, जेवलो," मी म्हटलं.

पण प्रश्न ऐकू आला नव्हता. मी अंदाजानं म्हटलं. बहिरा माणूस मान डोलावतो तसं. थांबलो, परत मागं गेलो, परत त्याच वळणावरून आलो. पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही. एक सफाईवाला झाडू थांबवून माझ्याकडं बघत होता.

पुढं मोठा चौक लागला. वर छताचे पडदे, खाली बाक, जमिनीतून पाण्याची बारीक धार वाहती केलेली. बाकावर बसलो. पाय दुखत नव्हते, तरी बसलो. मुलगी शेजारी बसली.

"आला का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

ती फ्रान्सची बाई लोकांना काहीतरी बघायला सोडून आमच्याकडं आली आणि पलीकडं टेकली.  मला बरं वाटलं. मग इंग्रजीत बोलायला लागली, थांबत थांबत, मुलीला सांगायला सवड देत.

तिचं गाव समुद्रात घुसलेलं आहे म्हणे, भोवती दगडी तट. भरतीला पाणी तटाला लागतं आणि ओहोटीला इतकं मागं जातं की लोक चालत समोरच्या बेटावर जातात. आत उंच घरांच्या अरुंद गल्ल्या, चौक, देऊळ. मोठ्या लढाईत ते जवळजवळ सगळं जळून पडलं. लढाई संपल्यावर लोकांनी पडलेले दगड वेचले, लावून ठेवले आणि परत तसंच गाव उभं केलं. आज बाहेरचा माणूस जातो, तट फिरतो, फोटो काढतो, त्याला वाटतं सगळं शेकडो वर्षांचं आहे.

"माझी आजी परत आली तेव्हा," मुलगी तिचं बोलणं मला सांगत होती, "ती तिच्या गल्लीत उभी राहिली आणि म्हणाली, दगड तेच आहेत, पण वारा चुकीच्या कोपऱ्यावर वळतो."

मी त्या बाईकडं बघितलं. तिचे डोळे निळे, पाणी भरल्यासारखे. थंडीनंही असेल.

"विचार तिला," मी म्हटलं, "आजी काय हुडकत होती? सापडलं का?"

मुलीनं विचारलं. बाईनं खांदे उडवले, जराशी हसली.

"नाही सापडलं म्हणे. पण ती मरेपर्यंत रोज तटावर चालायला जायची. आणि प्रत्येकाशी भांडायची."

"चांगली बाई होती," मी म्हटलं.

धुकं पातळ व्हायला लागलं होतं. आम्ही उठलो आणि बाकीच्यांना गाठलं. ते एका जुन्या घराशी उभे होते. जुन्या घरांपैकी मोजकी ठेवलीत, म्युझियम केलंय. मधलं अंगण, भोवती खोल्या, जाड भिंती. माझं घर नव्हतं ते, पण त्याचंच भावंड होतं. मी उंबऱ्याशी थांबलो. आत गेलो नाही. आतली हवा गार करून ठेवलेली दारातूनच कळत होती आणि आमच्या घरात तर हवा अशी नव्हती. मला तिथं कसलाच आवाज ऐकू येणार नाही, हे पायरीवरच कळून चुकलं. इतके दिवस मनात एक जागा धरून होतो, तीही गेली. आता गावी काय घेऊन जाऊ? घरातली मुकी भांडी?

फ्रान्सच्या बाईनं लोकांना सांगितलं असावं की हे गृहस्थ इथलेच. सगळे माझ्याभोवती आले. तो कॅमेरावाला लांब मानेचा पुढं झाला. चेहरा अगदी पडलेला करून, जनाजा निघालाय अशा आवाजात त्यानं मुलीला काहीतरी विचारलं. मग फिलिपिनो बाईनंही मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं.

"अप्पा, ते विचारतायत," मुलगी म्हणाली, "इथं तुमचे फार हाल झाले असतील ना? किती माणसं एका खोलीत, उन्हाळा, घरापासून लांब… थोडं सांगाल का?"

आणि तो कॅमेरा उचलायला लागला.

माझं तोंड सुटलं. विचार केला नाही मी. "सक्काळच्या पारी दुसऱ्याचं हाल हुडकत फिरतोय, मेल्या, तुझ्या घरातलं संपलं व्हय? हाल बघायचं आसंल तर माज्या गुडघ्याचं बघ आनि त्यो डबा खाली ठेव. तोंड बघा कसं केलंय, सुतकातल्या कोंबड्यासारखं!"

लोक मुलीकडं बघायला लागले, भाषांतरासाठी.  तिनं तोंडावर हात घेतला होता. मला वाटलं माझी लाज वाटली. मग दिसलं, तिचे खांदे हलतायत. हसत होती. भिंतीला टेकून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"काय झालं?" मी म्हटलं.

"अप्पा," ती म्हणाली, "हे तुम्ही नाही बोललात."

"मग कोण बोललं?"

"आई."

 कॅमेरावाला सॉरी सॉरी म्हणत होता, फ्रान्सची बाई त्याला बाजूला घेऊन गेली. शहाणी आहे ती.

मुलगी म्हणाली ते खरं होतं. मी तरणा होतो तेव्हा घुमा होतो. गावात विचारा, कुणीही सांगेल. टँकर चालवायचो, मान खाली घालून. तोंड होतं ते तिचं. दुकानदाराला, तलाठ्याला, माझ्या भावाला, देवळातल्या गुरवालासुद्धा ती सोडायची नाही. आणि ऑपरेशन झाल्यावर ती नुसती भुवई उचलायची, किंवा दोन बोटं माझ्या दंडाला टोचायची, की मी बोलायचं. ती काय म्हणत असेल ते मी म्हणायचो. पहिल्यांदा चुकायचं. चुकलं की दंडाला चिमटा. मग बसलं. बाजारात गेलो की लोक तिच्याकडं बघून मला विचारायचे, काय म्हणतायत काकू? आणि मी सांगायचो, तिच्या शब्दांत, तिच्या तोऱ्यात. इतकी वर्षं मी हेच करत होतो. ती गेल्यावर माझं आपलं जुनं घुमेपण परत यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटत होतं म्हातारपणानं जीभ सुटलीय.

आवाज काही आला नाही. तो गेला, खलास. त्या सकाळी मला ते कळलं आणि मी ते मान्य केलं. खोटं कशाला बोलू?

परत निघालो तेव्हा मुलीनं कॉर्निशच्या, समुद्राकाठच्या रस्त्यानं गाडी घेतली. समुद्र दिसत नव्हता, नुसता पांढरा उजेड होता. पलीकडं वेस्ट बेच्या इमारती धुक्यात उभ्या, त्यांचे पाय कुठं आहेत ते दिसत नव्हतं. वरचे मजले तेवढे उन्हात आलेले, चकाकत होते, हवेत लटकल्यासारखे.

"अप्पा," मुलगी म्हणाली, "हे बघून आई काय म्हणाली असती?"

मी बघत राहिलो. उजवीकडं जरा मान वळवली.

"म्हणाली असती, आगं बया, एवढ्या काचा पुसतंय कोन?"

मुलगी हसली. "आणि त्या बाईबद्दल?"

"फ्रान्सच्या? गोरी हाय पर गुणाची हाय. पायात धड चप्पल न्हाई तेवढं."

"आणि माझ्याबद्दल?"

ह्याला वेळ लागला.  अंदाजानं बोलायचं नव्हतं. बाहेर धुकं सरकत होतं, एक होडी दिसली आणि गेली. मग दंडाला टोचल्यासारखं झालं.

"वाळलीस किती," मी म्हटलं. "रात्री काय खातीस का नुसती त्या कंप्युटरच्या डब्याकडं बघत बसतीस?"

मुलीनं गाडी बाजूला घेतली, समुद्राच्या कडेला लावली आणि इंजिन बंद केलं.

"अजून बोल," ती म्हणाली.

जन्मात कधी तिनं मला एकेरी हाक मारली नव्हती. ती मला म्हणत नव्हती, हे मला कळलं. मी सरसावून बसलो आणि बोलायला लागलो.